वाकड्या टिकल्या सरळ करू नका

आधीच सांगते, मी शूर नाही. आजारातून उठलेल्या माणसाला लोक शूर म्हणतात, हार घालतात आणि मग त्याचं काही ऐकून घेत नाहीत. मला हार नको. ऐका. तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कुणाचं डोक्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर यात तुमच्या उपयोगाचं काहीतरी निघेल. नाही निघालं तर कागद भजी बांधायला वापरा. माझी बरीच पत्रकं त्याच वाटेने गेलीत.

मी मंदा. कोपरखैरणे गावातली. गावातली म्हणजे सेक्टरमधली नव्हे. सेक्टर नंतर आले, आमच्या भातशेतीवर. तुर्भ्याच्या कारखान्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांसाठी बोलायचं, पत्रक लिहायचं, छापून आणायचं, वाटायचं, हे माझं काम. त्यासाठी लागतं काय, तर आवाज आणि शब्द. माझ्याकडे दोन्ही भरपूर होते. आमच्या दादाच्या मते जरा जास्तच.

चमचा

सुरुवात हसण्यावारी झाली. गेट मीटिंग होती. मला म्हणायचं होतं, "हा कंत्राटदार तुमच्या घामावर जगतो." तोंडातून निघालं, "हा चमचा तुमच्या घामावर जगतो." लोकांनी शिट्ट्या मारल्या. मालकाचा मुकादम तिथेच उभा होता, त्याला वाटलं त्यालाच म्हटलं. पोरं ओरडली, "ताई, आज एकदम फॉर्मात!"

मी हसले. पण मला चमचा म्हणायचं नव्हतं. कंत्राटदार हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात असणारा, तो ऐन वेळी जागेवर नव्हता. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसं काहीतरी झालं.

मग घरी तेच. एका दुपारी आईला म्हटलं, "आई, दिवा दे ना प्यायला." आई भाकरी थापत होती. तिने वळून पाहिलं. "भर उन्हात दिवा कशाला गो? आनि तो पितात काय?" दोघी हसलो. दुसऱ्यांदा झालं तेव्हा आई हसली नाही.

पुढे एक दिवस छापखान्यात प्रूफ वाचताना अक्षरं पुसट झाली, उजवा हात आपल्या आपण उडायला लागला आणि मी खुर्चीवरून खाली. शुद्ध आली तेव्हा नाकाशी कुणाचीतरी चप्पल होती. बाबांनो, फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका, कांदाही नको. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, आणि डॉक्टरकडे न्या. चपलेने बरं झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पेशंट कोण?

वाशीला डोक्याचा फोटो काढला. निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी दादाला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवायला सांगितलं. का? तर पेशंटला धक्का बसेल. आता मला सांगा, डोकं कुणाचं? मी दार ढकलून आत गेले.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी म्हटलं, "टेन्शन तुम्ही घ्या. मला फोटो दाखवा."

दाखवला. मेंदूच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. साधी की वाईट ते काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि जागा अशी, की बोलणं जिथून येतं त्याच्या अगदी शेजारी. काढताना बोलणं जाऊ शकतं. नाही काढली तरी ते जाणारच, हळूहळू.

हे वाक्य मी खुर्चीच्या पाठीला धरून ऐकलं. मरणाची भीती मला त्या वेळी वाटली नाही, खरं सांगते. वाटली ती एवढीच, की मी जिवंत असेन, गेटवर उभी असेन, समोर माणसं असतील, आणि माझ्या तोंडून चमचा, दिवा असं काहीतरी येत राहील. आणि लोक आधी हसतील, मग दया करतील. दया मला आयुष्यात कधी पचलेली नाही.

घरी येताना रिक्षात दादा बोलला. दादा तुर्भ्यालाच कारखान्यात फिटर. माझ्या भाषणांमुळे त्याला साहेबाचं बोलणं खावं लागायचं.

"गेटवर बोंबलून बोंबलून झालंय हे सगळं."

"बोंबलून गाठ होत असती ना दादा, तर वाशीच्या मार्केटात एक दलाल धड राहिला नसता."

रिक्षावाला हसला. दादा नाही हसला. तो बाहेर बघत राहिला, आणि मला दिसलं की त्याची मान थरथरतेय. मग मीही बाहेर बघितलं. आमच्या घरात रडताना एकमेकांकडे बघायची पद्धत नाही.

छोट्या डॉक्टर, मोठे डॉक्टर

ऑपरेशन पुलापलीकडे, मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात ठरलं. तिथे नवीन यंत्र आलं होतं, गाठीपर्यंतची वाट कॉम्प्युटरवर दाखवणारं.

वॉर्डाचं एक स्वतःचं राज्य असतं. पहाटे थर्मामीटर, मग पातळ चहा, मग चादर बदलणं, मग राउंड. राउंडला मोठे डॉक्टर पुढे, मागे छोटे डॉक्टर, त्यांच्या मागे सिस्टर. मोठे डॉक्टर पलंगापाशी थांबून इंग्रजीत बोलतात, तेही तुमच्याशी नाही, तुमच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्याशी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "डॉक्टर, मी इकडे वरच्या बाजूला आहे." छोट्या डॉक्टर, म्हणजे एक तरुण बाई, माझ्याहून जेमतेम मोठी, तिने हसू दाबलं. तिच्याशी माझं तिथून जमलं.

डोकं भादरलं त्या दिवशी आई तोंड फिरवून बसली. तिचे लांब केस तिच्या अभिमानाचा भाग, माझे त्याहून जास्त. वॉर्डातल्या मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती गोल सुरेख डोकं आहे गं! आमच्या पोराचं बघ, फणसासारखं." एवढ्यावर आई वळली आणि हसली. त्या मावशीला कुणी पगारवाढ दिली नसेल, पण त्या दिवशी तिने जे काम केलं ते कुठल्या औषधाने झालं नसतं.

नकाशा आणि जमीन

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी छोट्या डॉक्टर एक पाकीट घेऊन आल्या. त्यात जाडसर गोल चकत्या, मधे भोक असलेल्या, मागे गोंद. त्यांनी त्या माझ्या भादरलेल्या डोक्यावर चिकटवल्या. एक कानामागे, एक कपाळाच्या वर, एक पार मागे. कशाला कशाचा मेळ नाही. प्रत्येकीभोवती पेनाने निळं वर्तुळ काढलं.

मी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "मार्कर." मी म्हटलं, "नाव नको, काम सांगा."

मग त्यांनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. या चकत्या लावून डोक्याचे फोटो काढायचे. त्या फोटोत दिसतात. उद्या टेबलावर डोकं पक्कं आवळून ठेवल्यावर डॉक्टर एक दांडी हातात घेणार, तिचं टोक एकेका चकतीला टेकवणार, आणि कॉम्प्युटरला सांगणार की डोक्यावरची ही आणि फोटोतली ती, एकच. असं सगळ्यांचं केलं की आजचा फोटो आणि उद्याचं डोकं एकमेकांवर बसतात. मग दांडी कुठेही टेकवली तरी पडद्यावर दिसतं की आत गाठ कुठे, नस कुठे, बोलण्याची जागा कुठे.

"अशा वेड्यावाकड्या का लावल्या?"

"मुद्दाम. सगळ्या एका रांगेत, सारख्या अंतरावर असल्या तर कॉम्प्युटरला डावं-उजवं, पुढचं-मागचं ओळखता येणार नाही."

मला एका झटक्यात कळलं. ही तर मोजणी! नकाशा आणि जमीन जुळवायची असेल तर आधी हद्दीचे दगड शोधायचे. दगड जागेवर असले की नकाशा जमिनीवर बसतो. दगड सरकला की कागदावर सगळं बरोबर आणि जमिनीवर सगळं चूक. हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी लहान असताना एका बिल्डरच्या माणसांनी आमच्या बांधाचा दगड गुपचूप सरकवला होता. मोजणी आली तेव्हा आमची पडवी त्याच्या प्लॉटमध्ये निघाली. आई दगडाच्या खऱ्या जागेवर बसून राहिली, मोजणीवाला फेरमोजणीला तयार होईपर्यंत उठली नाही. आमची पडवी आज उभी आहे ती त्यामुळे.

मी छोट्या डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे हे दगड हलता कामा नयेत." त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर." आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

हे सगळं बोलणं झालं तेव्हा आई खाली पाणी भरायला गेली होती. मला सांगितलं, आईला नाही. डोकं माझं, पण डोक्याला तेल लावणारे हात आईचे. हे इस्पितळात कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईने काय केलं

फोटो काढून वॉर्डात आले. फिटच्या गोळीने मला संध्याकाळीच झोप लागली. झोपेत मी डोकं खाजवत होते म्हणे. भादरलेली कातडी, वरून गोंद, उकाडा. आईने पाहिलं आणि आमच्या घरात जे करतात ते केलं. वाटीत खोबरेल घेतलं आणि माझ्या डोक्यावर थापलं. गार वाटावं म्हणून. उद्या लेक एवढ्या मोठ्या कामाला जाणार, तिला कोरड्या डोक्याने कसं पाठवायचं?

तेलाने गोंद सुटला. चकत्या घसरल्या, दोन उशीवर पडल्या. निळी वर्तुळं आईला शाईचे डाग वाटले, ती तिने पदराने जमतील तेवढी पुसली. मग सगळ्या चकत्या काढल्या, कोरड्या केल्या, स्वतःच्या टिकल्यांच्या पाकिटातला गोंद होता तो लावला, आणि परत चिकटवल्या. एका रांगेत. कपाळापासून मागेपर्यंत, सारख्या अंतरावर. हळदीकुंकवाच्या तबकात सुपाऱ्या मांडाव्यात तशा.

सकाळी डोळे उघडले तर आई समोर, प्रसन्न. तिने पर्समधला छोटा आरसा पुढे केला.

"बघ. त्या डॉक्टरनीनं कशा वाकड्यातिकड्या लावल्या व्हत्या. पोरगी शिकलेली, पन हाताला वळन नाय. मी सरल केल्या."

मी आरशात पाहिलं. एक सरळ रांग.

"आई," मी म्हटलं, "या टिकल्या नाहीत. हे हद्दीचे दगड होते."

अजून काही बोलायची गरज पडली नाही. मी आयुष्यात शेकडो भाषणं केली, पण एका वाक्याने समोरच्याचा चेहरा असा बदललेला मी पाहिला नाही. आई पलंगाच्या कडेवर बसली. हातातला आरसा तिने उलटा ठेवला.

"मी दगड हलवलं?"

"हो."

"सगलं?"

"सगळे."

ती उठली, पदर खोचला. आई पदर खोचते तेव्हा आमच्या घरात दादासुद्धा रस्ता सोडतो.

अंदाजाने

तेवढ्यात ट्रॉली आलीच. तिच्याबरोबर दुसरे एक छोटे डॉक्टर, घाईत. छोट्या डॉक्टर तेव्हा आत ऑपरेशनच्या तयारीत होत्या. आलेल्या डॉक्टरांना मी सांगितलं, मार्कर हलले आहेत. त्यांनी पाहिलं, चेहरा उतरला. मग इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तेलाच्या खाली निळं थोडं थोडं दिसतंय. मी अंदाजाने लावतो. एवढं काही होत नाही. आता केस थांबवली तर तारीख परत कधी मिळेल सांगता येत नाही."

दादा दारात होता. तारीख म्हटल्यावर तो घाबरला. "मंदे, होऊ दे ना. डॉक्टर आहेत ते. त्यांना कळतं."

"दादा, ते अंदाजाने म्हणतायत."

"मग काय झालं? गाठ आत वाढतेय, आणि तुला इथे पण भांडण पाहिजे?"

त्याचं चूक नव्हतं. त्याने वीस ठिकाणी रदबदली करून ती तारीख मिळवली होती. त्याला भीती एका गोष्टीची, मला दुसऱ्या गोष्टीची. मला ओरडायचं होतं, पण शब्द गोळा होईनात. मी म्हटलं, "मी नाही... मी नाही..." आणि पुढचं आलंच नाही. ट्रॉलीच्या दांड्याला धरून मी तशीच उभी.

तेव्हा आई मधे आली. ट्रॉली आणि दार यांच्या मधे.

"डॉक्टर," आई म्हणाली, "दगड मी हलवलं. चूक माजी हाय. पन अंदाजानं मोजनी मी माज्या शेताची करून दिली नाय, ती लेकीच्या डोक्याची करून देनार? मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मी इथून हलनार नाय."

"बाई, ते ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. तुम्ही समजून घ्या—"

"मना समजलं, म्हनूनच उभी हाव."

वॉर्ड गोळा झाला. सिस्टर आल्या. मावशी बादली घेऊन थांबली ती थांबलीच. शेवटी मोठे डॉक्टर आले, हिरव्या कपड्यात, चिडलेले. माझ्या डोक्यावरची सरळ रांग पाहून ते क्षणभर बघतच राहिले.

"कुणी केलं हे?"

"मी," आई म्हणाली. मागे सरली नाही, मान खाली घातली नाही.

"तुम्हाला तेल लावायला सांगितलं कुणी?"

"तेल लावायला कोन सांगंल? तेल लावू नको, असं कोनी सांगितलं?"

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी घाईतल्या डॉक्टरांकडे. घाईतल्या डॉक्टरांनी माझ्या तक्त्याकडे. तक्त्यावर हे लिहिलेलं नव्हतं.

मोठे डॉक्टर जरा नरमले. बोलवायला गेलेल्या सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं असावं. मला विचारलं, "अंदाजाने लावतो, असं तुला कुणी म्हटलं?" मी मान डोलावली. त्यांनी घाईतल्या डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "आज केस नाही. फोटो परत काढा." मग दारातून वळून आईला म्हणाले, "बाई, बरं झालं बोललात. टेबलावर आम्हाला फरक दिसला असताच. पण अंदाजाने जवळपास जुळवून दिलं असतं, तर कदाचित उशिरा दिसला असता."

कदाचित. या शब्दावर मी पुढे बरेच दिवस विचार केला.

दादा जिन्यात जाऊन बसला. आई त्याच्यापाशी गेली. काय बोलली माहीत नाही. वर आला तेव्हा त्याच्या हातात तीन चहा होते.

राखण

तारीख मिळाली, फार उशीर झाला नाही. पुन्हा चकत्या, पुन्हा निळी वर्तुळं, पुन्हा वाकड्यातिकड्या. या वेळी छोट्या डॉक्टरांनी आईला पुढे उभं करून सगळं दाखवलं. आईने प्रत्येक चकतीकडे बोट करून विचारलं, "हा कुठला? हा?" आणि मग राखणीला बसली. मी कूस बदलली की तिचा हात उशीखाली. सिस्टर ताप बघायला आल्या तरी आई म्हणायची, "वरती हात लावू नका." दादा भेटायला आला, सवयीने माझ्या डोक्यावर टपली मारायला गेला, तर आईने त्याचा हात हवेतच पकडला. "दगड!" ती ओरडली. पलीकडच्या पलंगावरची बाई दचकून उठून बसली.

टेबलावर

आता जे सांगते त्याने घाबरू नका. ऑपरेशनच्या मधे मला जागं केलं. दुखत नाही. मेंदूला दुखणं कळत नाही, कातडीला कळतं, ती बधिर केलेली असते. जागं का करायचं? छोट्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डोकं उघडलं की आतला मेंदू थोडा खाली बसतो. कालचा फोटो गाठीपर्यंत नेऊन सोडतो, पण शेवटच्या कडेवर त्याच्यावर डोळे झाकून विसंबायचं नाही. तिथे डॉक्टर बारीक विजेचं टोक टेकवून बघणार आणि पेशंटनेच बोलायचं, शब्द अडला की ती जागा सोडायची. फोटो वाट दाखवतो, कुठे थांबायचं ते जीभ सांगते.

माझ्या तोंडासमोर टांगलेल्या कापडी पडद्याच्या अलीकडे छोट्या डॉक्टर चित्रं घेऊन बसल्या होत्या. घोडा. छत्री. कप. मी सांगत होते. पडद्यापलीकडून मोठ्या डॉक्टरांचा आवाज, "बोलत राहा."

चित्रं संपली, पुन्हा तीच. मला कंटाळा आला. मी म्हटलं, "डॉक्टर, दुसरं काही नाही का? बालवाडीत घातलंय मला."

"मग तूच बोल काहीतरी."

मी घोषणा सुरू केल्या. हळू आवाजात, पण एकामागून एक. "कायम कामाला कायम कामगार! कंत्राटी पद्धत बंद करा!" भूलवाले डॉक्टर हसायला लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "हसू नका, हात हलतो. आणि मंदा, तू थांबू नकोस."

मग एकदा चावीचं चित्र आलं. चावी. मला माहीत होती. कुलपात फिरते, हरवते, कमरेला लटकते. शब्द नव्हता. तोंड उघडं, आत काही नाही.

"थांबली," छोट्या डॉक्टर पटकन म्हणाल्या.

"ठीक आहे. इथे नको," पलीकडून आवाज. काहीतरी उचललं गेलं. मी वाट पाहिली. एवढी लांब वाट मी कुठल्याही गेटवर पाहिली नाही.

"चावी," मी म्हटलं. "चावी. चावी. चावी."

"बास, कळलं," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा हसू होतं.

तिथे त्यांनी गाठीचा एक पातळ काठ सोडून दिला. मुद्दाम. पुढे तपासणीत गाठ हळू वाढणाऱ्या जातीची निघाली, त्या काठावर लक्ष ठेवावं लागेल. ठेवू. लक्ष ठेवणं हा तर आमचा धंदा.

नंतर

सूज उतरेपर्यंत बोलणं अडखळत होतं. वाक्यं तुटायची. दादा पलंगापाशी बसून एकटाच बडबडायचा. कारखान्यात काय झालं, मुकादम मला अजून शिव्या देतो, सगळं. शेवटी एकदा मी म्हटलं, "दादा, आवाज... कमी." तो एकदम थांबला, आणि मग ढसाढसा रडला. या वेळी मी बाहेर बघितलं नाही.

आज मी बोलते. पूर्वीसारखं धडाधड नाही. कधी कधी शब्दासाठी थांबावं लागतं. गेटवर लोकांना वाटतं ताई आता विचार करून बोलते. वाटू दे.

वॉर्डातून निघायच्या आधी मी मोठ्या डॉक्टरांकडे एक मागणी केली. मराठीत एक कागद हवा, पेशंटच्या हातात आणि पेशंटच्या घरच्यांच्या हातात. ते म्हणाले, "लिहून दे." मी लिहिलं, चार पानं. छोट्या डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाल्या, "मंदा, हे पत्रक आहे की मोर्चा?" त्यांनी कापून कापून एवढंच ठेवलं:

"या टिकल्या नाहीत. शेताच्या हद्दीचे दगड असतात तशा या खुणा आहेत. तेल लावू नका. निळी शाई पुसू नका. वाकड्या दिसल्या तरी सरळ करू नका. एखादी पडली तर परत चिकटवू नका, लगेच सांगा. सांगितल्याबद्दल कुणी रागावणार नाही."

शेवटच्या वाक्यासाठी मी भांडले. ते राहिलं.

खूप जण मला विचारतात, आईचा राग नाही आला? मी त्यांना उलट विचारते, तुम्ही अशी किती मोठी माणसं पाहिलीत जी चूक कळल्यावर लपवत नाहीत, रडत बसत नाहीत, उठून दारात उभी राहतात? माझ्या डोक्यात शब्द शिल्लक आहेत ते यंत्रामुळे, डॉक्टरांमुळे, आणि त्या सकाळी दारात उभ्या राहिलेल्या एका बाईमुळे. तिन्हींचा मला अभिमान आहे. पहिल्या दोघांचा थोडा कमी.

मागच्या वेळी आई आणि मी तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरना भेटायला वॉर्डात डोकावलो. माझ्या जुन्या पलंगावर उरणचे एक काका होते, डोकं भादरलेलं, त्यावर चकत्या. काकी त्यांच्या डोक्याला रुमाल गुंडाळायला निघाली होती, वारा लागू नये म्हणून. कागद उशाशी होता, पण काकीला वाचता येत नव्हतं.

माझं तोंड उघडलंच होतं. वाक्य तयार होतं, सगळे शब्द जागेवर होते. पण आई माझ्या आधी पोचली.

"थांब गो बाय," तिने काकीचा हात धरला. "बस इकडं. मी सांगताव. मी काय केलं व्हतं, ते पन सांगताव."

काकी बसली. आई तिच्या शेजारी टेकली आणि पहिल्यापासून सांगायला लागली, वाटीतल्या तेलापासून. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला बोलता येत होतं, आणि मी ऐकत राहिले.